पायाला हात लावू नका

बारामतीच्या एसटी स्टँडवर माझा एखादा जुना विद्यार्थी दिसला की मी लपायची. कधी रसवंतीच्या आडोशाला, कधी चौकशीच्या खिडकीपुढच्या गर्दीत. माझी सगळी नोकरी इंदापूर तालुक्यातल्या शाळांमध्ये गेली. गावोगावच्या पोरांचा हात धरून मी अक्षरं गिरवून घेतली, आणि त्यातली कितीतरी पुढं बारामतीला कामाला लागली. कुणी मार्केट यार्डात, कुणी दवाखान्यात, कुणी तिथल्याच डेपोत कंडक्टर. यातलं कुणी दिसलं की ते लांबूनच "बाई!" म्हणून हाक मारणार, जवळ येणार आणि भर स्टँडवर वाकून माझ्या पायाला हात लावणार. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. शेजारच्या अनोळखी बायकांनी वळून पाहिलं तर जास्तच आवडायचं. पण ऑपरेशन झाल्यापासून कुणी माझ्यापुढं वाकायला लागलं की माझ्या छातीत धडकी भरायची.

ऑपरेशन गुडघ्याचं होतं. हे आधीच सांगते, कारण लोकांचा सगळा घोळ इथंच व्हायचा. माझा उजवा गुडघा कित्येक वर्षं आतल्या बाजूला कलत कलत पार वाकडा झाला होता. फळ्यावर लिहायचं तर एका हातानं टेबल धरावं लागायचं. नव्वद सालानंतरच्या त्या दिवसांत गुडघा बदलता येतो हे आमच्याकडं कुणाला पटतच नव्हतं. माझा थोरला भाऊ कळंबला शेती करतो. वडिलांच्या कळपातली मोजकी मेंढरं त्यानं तेव्हाही ठेवली होती. तो म्हणाला, "माणसाच्या पायात लोखंड घालत्यात व्हय? तू काय ट्रॅक्टर हाईस का?" आमचे हे वालचंदनगरला कारखान्यात फिटर, त्यांनी आयुष्यभर यंत्रांचे सांधे बदलले, पण बायकोचा सांधा बदलायचा म्हटल्यावर त्यांनाही घाम फुटला. मी मात्र ऐकलं नाही. मला एकच मुलगी. तिचं लग्न काढायचं चाललं होतं, आणि तिच्या मांडवात खुर्चीत बसून सगळ्यांकडं बघत राहायची माझी तयारी नव्हती. मला मिरवायचं होतं. पुण्याला जाऊन हट्टानं गुडघा बदलून घेतला.

शुद्धीवर आले तेव्हा गुडघा दुखणार, हे मला ठाऊकच होतं. तो दुखलाही. पण डॉक्टर आले आणि म्हणाले, "पायाचा अंगठा वर उचला बघू." मी उचलला. म्हणजे मला वाटलं मी उचलला. अंगठा जागचा हलला नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं, मी पुन्हा जोर लावला, आणि खाली मान घालून पडलेलं ते पाऊल दुसऱ्या कुणाचं तरी असल्यासारखी मी त्याच्याकडं बघत राहिले. वर्षानुवर्षं वाकडा असलेला पाय सरळ करताना बाजूची नस कधी कधी ताणली जाते, असं त्यांनी समजावून सांगितलं. येईल हळूहळू. कधी, असं विचारलं तर म्हणाले, नसेचं काही सांगता येत नाही.

मग काही महिन्यांनी अंगठा थोडा थोडा उचलायला लागला. सगळ्यांना आनंद झाला. आणि नेमकी तेव्हाच आग सुरू झाली.

ही आग पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात. मिरच्या वाटलेला हात चुकून डोळ्याला लागला की जशी होते तशी, आणि डोळा निदान धुता तरी येतो. मधूनच एक चमक निघायची ती नडगीपर्यंत जायची. आग होते म्हणून पाय थंड पाण्यात घातला तर सुरुवातीला बरं वाटायचं, मग पाणीच टोचायला लागायचं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्पर्श. चादरीचा काठ, साडीची निरी, पंख्याचा वारा. पावलावर माशी बसली तरी माझ्या तोंडून आवाज निघायचा. मी उजवीकडची साडी वर खोचून घरात फिरायची आणि झोपताना तो पाय पलंगाच्या बाहेर काढून ठेवायची. माणसाचं सगळं जगणं एका वितीएवढ्या जागेत जाऊन बसतं, हे मी तेव्हा पाहिलं. मला दुसरं काही सुचायचं नाही. वाचायला घेतलेल्या ओळी तशाच राहायच्या, आमटीत मीठ दोनदा पडायचं.

बरं, सांगायचं कुणाला? कारखान्याच्या क्वार्टरमधल्या बायका माझा गुडघा बघायला येत. टाक्यांचा व्रण बघत, गुडघा वाकवून दाखवायला सांगत, आणि "किती छान झालं हो बाई" म्हणून चहा पिऊन जात. पाऊल बघायला कुणी येत नव्हतं, कारण पावलावर बघण्यासारखं काहीच नव्हतं. ना सूज, ना जखम. पुण्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यासमोर धरून समाधानानं मान हलवली. सांधा उत्तम बसला होता. "आणि पाय?" मी विचारलं. ते म्हणाले, त्याला वेळ द्या. बारामतीच्या डॉक्टरांनी नसांच्या गोळ्या दिल्या. या गोळ्यांनी झोप येईल, तोंड कोरडं पडेल आणि आग कमी होईल, असं ते म्हणाले. झोप आली, तोंड कोरडं पडलं. आगीनं मात्र त्यांचं ऐकलं नाही.

एकदा मी त्यांना सरळ सांगितलं, "डॉक्टर, हे पाऊल कापून टाका. मी कुबड्या घेऊन फिरेन." मी रागानं बोलत नव्हते. घरून ठरवून आले होते. त्यांनी चष्मा काढला आणि सावकाश म्हणाले, "बाई, पाऊल कापलं तरी आग राहू शकते. नसलेल्या पावलाची आग होते." त्या दिवशी परतीच्या एसटीत मी खिडकीकडं तोंड करून रडले. मरण तरी माणसाच्या हातात असावं, असं मनात आलं, आणि मला माझीच भीती वाटली.

अशात मुलीचं जमलं. इंदापूरकडचं घर, मुलगा बारामतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत नोकरीला. आमची पोर तशी घुमी. आलेल्या प्रत्येक स्थळाला "तुम्ही म्हणाल तसं" म्हणायची आणि आम्हाला काही म्हणताच यायचं नाही. या मुलाला भेटून आली तेव्हा मात्र तिनं आपण होऊन दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा हसत होती. मी समजायचं ते समजले. हे लग्न व्हायलाच हवं होतं.

मुलाची आई तो लहान असतानाच गेली होती. त्याला आत्यानं वाढवलं होतं, आणि त्या घरात आत्याबाईंचा शब्द शेवटचा. कपाळ मोकळं, नजर धारदार, बोलणं तोडून टाकणारं. बोलणी करायला आल्या तेव्हा आमच्या बैठकीत बसून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "तुमच्या घराण्यात कुणाला नसंचं, लकव्याचं काय न्हाय न्हवं? आमच्या धाकट्या जावंच्या माहेरी हुतं. पुढं तिच्या पोराचा पाय वाळला. म्हणून इचारलं, राग मानू नका."

आमचे हे पटकन म्हणाले, "न्हाय, न्हाय. आमच्यात तसलं काय न्हाय."

माझं पाऊल तेव्हा टेबलाखाली जळत होतं. मी बशीतला चहा संपवला.

साखरपुडा आमच्या क्वार्टरपुढच्या अंगणातच झाला. मांडव छोटा, माणसं मोजकी, पण दोन्हीकडची मोठी माणसं सगळी. मी खुर्चीत बसले होते आणि उजवा पाय जमेल तेवढा खुर्चीखाली ओढून घेतला होता. अंगठ्या घालून झाल्यावर मुलगा एकेकाच्या पाया पडत माझ्यापर्यंत आला. हल्लीची मुलं गुडघ्यापाशी हात नेऊन परत घेतात, तसा तो नव्हता. आत्यानं त्याला शिकवलेलं, पाया पडायचं म्हणजे दोन्ही पावलं दोन्ही हातांनी धरायची आणि डोकं टेकायचं. मी म्हणत होते, "असू दे, असू दे, बाळा." पण असू दे हे सगळेच म्हणतात आणि त्यावर कुणी थांबत नसतं. त्याला एकच पाऊल दिसलं. म्हणून त्यानं खुर्चीखाली हात घालून दुसरं शोधलं आणि धरलं.

पुढं काय झालं ते मी केलं नाही, पायानं केलं. तो सुटला तो सरळ त्याच्या तोंडावर. डॉक्टर तिथं असते तर नव्या गुडघ्याचा जोर बघून खूश झाले असते. मुलाची टोपी लांब उडाली, तो मागं हातावर पडला आणि खालचा ओठ फुटून रक्त आलं. मी कळवळून ओरडले होते, पण आधी लाथ दिसली आणि मग ओरडणं ऐकू आलं, त्यामुळं लोकांना वाटलं की मी त्याच्यावर ओरडले.

मुलगा उठून ओठ पुसत म्हणाला, "काही नाही, काही लागलं नाही." आमचे हे म्हणाले, "मुंगी चावली असंल. हितं लाल मुंग्या लई हायेत." मुलगी पेढ्यांचं ताट घेऊन दारात उभी होती, तिनं ते खाली ठेवलं नाही की पुढंही आणलं नाही. आत्याबाई उठल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "सोयरीक जुळायच्या आदीच लाथ? शिकल्याली माणसं हायेत म्हणून आलो हुतो." त्या जेवायला थांबल्या नाहीत. पंगत मांडलेली तशीच राहिली आणि त्यांची जीप गेली.

मधल्या माणसानं चार दिवस इंदापूरला खेटे घातले. मुलगा लग्नावर ठाम होता, त्यामुळं मोडलं नाही. पण आत्याबाईंचा निरोप आला. लग्नाच्या दिवशी, भर मांडवात, सगळ्यांच्या देखत जोडा पाया पडेल. तेव्हा विहीणबाईंनी दोन्ही पावलं पाटावर पुढं घेऊन बसायचं, पोराला पाया पडू द्यायचं आणि तोंडानं आशीर्वाद द्यायचा. पुन्हा तसलं काही झालं तर अक्षता पडलेल्या असोत की नसोत, वऱ्हाड मुलीला न घेता परत फिरेल. पाटावर बसणं नव्या गुडघ्याला जमत नाही, एवढं मात्र त्यांनी मान्य केलं. बसायला खुर्ची चालेल, पावलं पाटावर हवीत.

"मी जाऊन खरं काय ते सांगते," मी म्हणाले.

"काय सांगनार?" हे म्हणाले. "आपरेशन गुडघ्याचं आन् दुखतंय पाऊल? मलाच पटाया लई दिस लागलं. त्यास्नी नसंचं म्हणून सांगितलं की झालं. त्या म्हणतील, बघा, इचारलं तवा न्हाय म्हनले, आन् आता पोरीलाबी हुईल."

मुलगी तांदूळ निवडत होती. तिनं वर न बघता सांगितलं, "आई, नको सांगूस." बस, एवढंच. तिच्या आवाजात विनवणी असती तर मी वाद घातला असता. पण तिनं ते इतकं साधेपणानं सांगितलं की मला माझ्या पायाची लाज वाटली. लग्नाला दीड-दोन महिने उरले होते. तेवढ्यात त्या पायाला माणसाचा हात सोसायला शिकवायचं होतं, नाहीतर माझ्या लेकीचं लग्न माझ्या पायानं मोडणार होतं.

बारामतीला व्यायाम शिकवणाऱ्या एका बाईंनी उपाय सांगितला. पायाला स्पर्शाची सवय करायची. आधी कापूस, मग मऊ धोतराचं फडकं, मग टॉवेल. रोज थोडं थोडं. मुलगी रोज संध्याकाळी कामावरून आली की हातपाय धुऊन खाली बसायची, देवाच्या वातींचा कापूस घ्यायची आणि माझ्या पावलावरून फिरवायची. मी पलंगाची कड धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत बसायची. कापूस! लहान बाळाच्या डोळ्यांतली घाण पुसतात तो कापूस. तो मला काचेसारखा कापत जायचा. "आज जरा कमी आहे ना?" ती विचारायची. मी हो म्हणायची. दोघींना कळायचं की ते खोटं आहे.

आणि एका संध्याकाळी मला सहन झालं नाही. मी किंचाळले, "निघ इथून! तुझ्या लग्नापायी जीव घेशील माझा!" ती उठली. खाली पडलेला कापूस तिनं वेचून परत डब्यात भरला, डबा देव्हाऱ्यात ठेवला आणि कणीक मळायला गेली. त्यानंतर तिनं माझ्या पायाला हात लावला नाही. लावणं तर सोडाच, माझ्याजवळून जाताना ती साडी नाहीतर ओढणी हातानं आवरून धरायची, चुकून वारा लागू नये म्हणून. घरात माझ्यापासून सगळे हातभर लांबून चालायला लागले. माझी काळजीच होती ती. पण मला कुणी शिवेनासं झालं होतं, आणि त्याचंही मला रडू यायचं.

शेवटी मी कळंबला भावाकडं गेले. आमच्यात मेंढरू पायानं लंगडायला लागलं तर तापवलेल्या सळईनं डाग देतात. माझे वडील तसा डाग माणसांनाही द्यायचे, कंबर धरली, पाय ओढायला लागला तर. शिक्षिका झाल्यापासून मी या प्रकाराविरुद्ध बोलत आले होते. शाळेत पोटावर डागलेलं एखादं लेकरू आलं की त्याच्या आईबापांना बोलावून झापायची. आता मी भावाच्या गोठ्यापुढं बसून म्हटलं, "दादा, मला डाग दे."

"तू म्हनतीस हे?"

"वरून चांगला भाजला तर आतली आग मरेल. नाहीतर भाजल्याचं दुखणं तरी लोकांना दिसेल. दे तू."

त्यानं चुलीत सळई घातली. मी पाऊल दगडावर ठेवलं. सळई लाल झाली, त्यानं ती बाहेर काढली, माझ्याजवळ आणली आणि तो थांबला. माझा भाऊ मेंढरांच्या बाबतीत कच्च्या काळजाचा माणूस नव्हे. पण त्यानं सळई माझ्या पायापासून लांब नेली. "न्हाय जमायचं," तो म्हणाला. "मेंढरू धडपडतं, मंग आपुन दाबून धरतो. तू पाय कसा आपुन हून म्होरं केलाईस. असं केल्याव मी कसा देऊ?" त्यानं सळई पाण्याच्या घमेल्यात टाकली. मी त्याला खूप बोलले, भित्रा म्हणाले. तो तोंडाला उपरणं लावून गोठ्यात निघून गेला. माझी शेवटची आशाही संपली, असंच मला तेव्हा वाटलं. आजही मला नक्की सांगता येणार नाही की मी त्याच्यावर चिडले होते की सुटले होते.

हळदीच्या दिवशी मुलगी माझ्या खोलीत आली. कोपरापर्यंत पिवळी, हातात हिरवा चुडा. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "आई, उद्या पाय मागं घेऊ नकोस. मी त्यांच्या आधी वाकणार आहे."

"आधी वाकून काय करशील?"

"ते माझं मी बघते. तू फक्त पाय हलवू नको."

लग्न कळंबलाच भावाच्या घरापुढच्या मोकळ्या रानात होतं. मी मिरवायचं ठरवलं होतं ते काही झालं नाही. मी काठी घेऊन कशीबशी उभी राहिले, अक्षता टाकल्या, आणि त्या दिवशी गोळी घेतली नव्हती, झोप येईल म्हणून, त्यामुळं सकाळपासूनच डोळ्यांपुढं अंधारी येत होती. अक्षता पडल्यावर मला खुर्चीत बसवलं. पुढं रांगोळी काढलेला पाट. मी दोन्ही पावलं उचलून पाटावर ठेवली आणि चप्पल नसलेल्या त्या उघड्या पायांकडं सगळा मांडव बघतोय असं मला वाटायला लागलं. आत्याबाई बाजूलाच हाताची घडी घालून उभ्या होत्या. व्हिडिओवाल्यानं त्याचा दिवा माझ्या पायांवर धरला.

जोडा आला. मुलगी आधी खाली बसली. मुंडावळ्यांचे गोंडे पुढं लोंबत होते, ते तिनं मान झटकून मागं टाकले. मग तिनं दोन्ही हात माझ्या उजव्या पावलावर आणले आणि ते पावलावर न ठेवता हातांच्या कडा पाटावर टेकून वर छप्पर केलं. तिच्या तळव्यात आणि माझ्या पावलात बोटभर जागा असेल. मेंदीचा वास येत होता. मी श्वास धरून बसले. मग जावयानं वाकून, त्याला शिकवलं होतं तसं, दोन्ही हात पुढं केले. त्याचा एक हात माझ्या डाव्या पावलावर पडला आणि दुसरा तिच्या हातांवर. त्यावर त्यानं डोकं टेकलं. तिचे हात त्या वजनाखाली वाकले नाहीत. तिच्या मनगटाच्या शिरा ताठ झालेल्या मी पाहिल्या. जावयाला कळलं की नाही, कुणास ठाऊक. मी त्याला आजवर विचारलेलं नाही.

"सुखी राहा," मी म्हणाले. आत्याबाईंनी हाताची घडी सोडली. माझ्यामागं उभ्या असलेल्या ह्यांनी नाक शिंकरलं आणि ते मोठ्यानं ओरडले, "चला, चला, पंगती बसू द्या!" लोक जेवणाकडं वळले. लग्न लागलं होतं. पोर वाचली होती.

उन्हं कलल्यावर पाठवणी. फुलं लावलेली जीप रस्त्याला उभी होती, वऱ्हाडातली माणसं टपावर सामान बांधत होती. मुलगी आधी वडिलांच्या गळ्यात पडली, मग मामाच्या. माझ्याभोवती बायकांचा वेढा होता. मी काठीवर भार देऊन उभी होते आणि सकाळपासूनचं सगळं आता पायात उतरलं होतं. ती माझ्यापुढं आली. तोंड सुजलेलं, कुंकू फिस्कटलेलं. रीतीप्रमाणं ती वाकली. मला वाटलं, ती पुन्हा तसंच छप्पर करील.

पण ती विसरली. इतके दिवस पदर आवरून चालणारी, एवढा मोठा मांडव हातांवर तोलणारी माझी पोर तेव्हा सगळं विसरली. लहानपणी मी शाळेला निघाले की करायची तसं तिनं खाली बसून माझं पाऊल दोन्ही हातांनी कवटाळलं, कपाळ त्यावर दाबलं आणि हुंदके द्यायला लागली. चुड्याच्या कडा, मुंडावळ्यांचे मणी, तिच्या डोळ्यांतलं पाणी, सगळं त्याच जागेवर.

मी ओरडले. एवढ्या महिन्यांत मी असं कधी ओरडले नव्हते. सारखं ओठ चावून, पलंगाची कड धरून, उशीत तोंड घालून दाबलेलं ते सगळं एकदम बाहेर आलं, आणि थांबेना. आता कळेल सगळ्यांना, असं एक क्षण मनात आलं. पण कुणालाच काही वावगं वाटलं नाही. लेक निघाल्यावर आई ओरडणारच. बायका पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "रडू द्या, माउलीला रडू द्या. लई दिस धरून ठेवलं हुतं बिचारीनं." आत्याबाई वेढ्यातून वाट काढत आल्या. त्यांनी माझा खांदा धरला. त्यांचेही डोळे वाहत होते. "बाई, लेकीवानी बघू आमी तिला," त्या म्हणाल्या. "जिवाला लावून घिऊ नका."

फक्त एकीला तो आवाज ओळखू आला. मुलगी एकदम थांबली. तिचं कपाळ वर उचललं गेलं, हात सैल झाले आणि ती घाबरून मागं सरायला लागली. आता ती उठणार होती, जीपमध्ये बसणार होती, आणि पुढं कधी आलीच तर पुन्हा हातभर लांबून चालणार होती.

मी काठी टाकली. तिच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि तिला तिथंच, पायावर, दाबून धरलं. मी ओरडत होते आणि तिला उठू देत नव्हते.